दुखणं उलटू नये म्हणून: इटिंग डिसऑर्डरचे उपचार संपल्यानंतरची वर्षं

शेवटच्या सेशनला माझ्या थेरपिस्टनी मला एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "समजा तुला परत आजारी पडायचंय. काय काय करशील ते लिही." मला तो प्रकार जरा पोरकट वाटला. चार ओळी खरडल्या, कागदाची घडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात सारली. चौदा महिन्यांनी, ऐन श्रावणात, माझं दुखणं उलटलं. तेव्हा तो कागद उघडून पाहिला. त्यात जिम होती, ऑफिसचा ताण होता, आरसाही होता. उपास कुठेच नव्हता.

आपल्याकडे ताप उलटतो, कावीळ उलटते, तसाच इटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याचा विकारही उलटतो. फरक एवढाच, की ताप उलटला तर घरातले घाबरतात आणि हा आजार उलटायला लागला की पहिला महिनाभर कौतुक होतं. "छान बारीक झालीस." "कडक उपास करते हो पोरगी." "रात्रीचं जेवण बंद केलंय म्हणे, केवढा कंट्रोल." आजाराची पहिली खूण आणि गुणी मुलीची खूण आपल्या घरांत एकच आहे. त्यामुळे बाहेरून कुणी वेळेवर सावध करेल या भरवशावर राहता येत नाही. तयारी आधीच, चांगल्या दिवसांत, कागदावर करून ठेवावी लागते. ती कशी करायची ते पुढे लिहिलंय.

ॲनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीनं खाणं तोडत जाणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी, उपास अशी भरपाई करणं) किंवा बिंज इटिंग (भरपाई न करता, ताबा सुटून भरमसाट खाणं) यांसाठी ज्यांचे उपचार होऊन गेलेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे आहे. उपचार सुरूच झाले नसतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, हे नंतर वाचा. आणि एक गोष्ट मुद्दाम केली आहे: वजनाचा किंवा कॅलरीचा एकही आकडा इथे नाही. असे लेख मी कोणे एके काळी फक्त त्या आकड्यांसाठी वाचायचे. माझ्यासारख्या अजून असतील.

आधी हे माहीत असू द्या

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया झालेल्या बायकांचा वीसहून जास्त वर्षं पाठपुरावा केला आणि २०१७ साली निष्कर्ष छापले. बरं होणं म्हणजे सलग वर्षभर लक्षणं जवळपास नसणं, अशी त्यांची व्याख्या होती. नऊ वर्षांनी पाहिलं तेव्हा बुलिमियातल्या सुमारे ६८ टक्के जणी बऱ्या झाल्या होत्या, ॲनोरेक्सियातल्या मात्र जेमतेम ३१ टक्के. बावीस वर्षांनी पाहिलं, तर ॲनोरेक्सियातल्याही जवळजवळ ६३ टक्के. म्हणजे नवव्या वर्षी 'आता हिचं काही खरं नाही' असं ज्यांच्याबद्दल बोललं गेलं असेल, त्यांतल्या कितीतरी जणी पुढे बऱ्या झाल्या. हा आजार उशिरा का होईना, सुटतो.

दुसरं, धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या वर्षात. नेमकं तेव्हाच घरच्यांना वाटतं, वजन आलं, झालं. वजन आधी येतं. वागणं त्यानंतर सुधारतं. डोकं सगळ्यात शेवटी. वजन ठीक, जेवण ठीक आणि तरी दिवसभर डोक्यात भाकरीचा हिशोब, अशी अवस्था माझी जवळजवळ दोन वर्षं होती. डिस्चार्ज पेपरवर तिला नाव नसतं.

तिसरी गोष्ट भुकेची. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले आणि चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं गेलं. ही माणसं दिवसरात्र खाण्याबद्दल बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटं चाटू लागली. पुढे भरपूर जेवण मिळायला लागल्यावरही कित्येकांची भूक बरेच दिवस भागत नव्हती. यांतल्या कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. उपासमार झालेलं शरीर असंच वागतं. तेव्हा उपचारांनंतर तिसऱ्या पोळीनंतरही भूक राहिली, तर तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. 'आता हे आवरलं पाहिजे' म्हणून ताटातलं कमी करणं ही मात्र उलटण्याची सुरुवात असू शकते.

पायरी पहिली: ठेच वेगळी, घसरण वेगळी

एखाद्या रात्री जेवण टाळलं, किंवा लग्नाहून आल्यावर उलटी काढली, किंवा मध्यरात्री फ्रिजसमोर उभं राहून पोट दुखेपर्यंत खाल्लं. ही ठेच. बहुतेकांना लागते. तेच परत परत होऊ लागलं, लपवलं जाऊ लागलं आणि दिवसाची आखणी त्याभोवती व्हायला लागली की घसरण.

ठेचेची घसरण होते ती मधल्या एका वाक्यामुळे: "गेलंच आता सगळं." हे वाक्य ज्या क्षणी डोक्यात येईल तो क्षण ओळखायला शिका. कारण त्यानंतर माणूस दोनांपैकी एक करतो. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करतो, नाहीतर 'सोमवारपासून नीट' म्हणून रविवारपर्यंत सगळं सोडून देतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात.

पायरी दुसरी: स्वतःच्या खुणा शोधा, आणि त्या बारीक असू द्या

इंटरनेटवरच्या याद्यांत 'वजन घटणं', 'एकटं राहणं' असं काहीबाही असतं. ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खरी खूण फार लहान असते आणि प्रत्येकाची निराळी.

माझी खूण वाटी होती. त्या श्रावणात माझे सोमवार सुरू झाले. घरात सगळेच करतात, मीही केला. पहिल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, सगळं रीतसर. पुढच्या सोमवारी ताट थोडं रिकामं, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. मग शनिवार आला, मग संकष्टी. सासूबाई शेजारच्या काकूंना अभिमानानं सांगत होत्या. गणपतीत माझी ताई आली. पंगतीत माझ्याशेजारी बसली, जेवण होईपर्यंत काही बोलली नाही. मी हात धुवायला उठले तशी मागोमाग आली आणि म्हणाली, "आमटीला चटणीची वाटी कधीपासून घेतेस?"

मी तिच्यावर ओरडले. मग बेसिनचा नळ सोडून रडले. घरात माझ्याशिवाय नऊ माणसं जेवत होती. वाटी एकटीला दिसली, कारण लहानपणापासून ताटं तिनं मांडलेली.

अशा खुणा शोधायला मागच्या वेळेचे पहिले दोन महिने आठवा, शेवटचे नको. शेवटचे सगळ्यांचे सारखेच असतात. स्वतःला विचारा: तेव्हा मी सगळ्यात आधी काय बंद केलं? तूप? मधल्या वेळचा चहा-बिस्कीट? कुणाबरोबर जेवणं? काय सुरू केलं? स्वतःसाठी वेगळा डबा? इतरांना आग्रह करकरून वाढणं? रेसिपीचे व्हिडिओ तासन्‌तास पाहणं? कपड्यांत काय बदललं? जेवण झाल्यावर मी कुठे असायचे? मग हेच प्रश्न घरातल्या एका माणसाला विचारा. त्यांची उत्तरं वेगळी येतात आणि बहुधा जास्त खरी असतात.

मुलग्यांच्या खुणा अनेकदा जिमच्या भाषेत लपतात. 'कटिंग चालू आहे', म्हणजे चरबी उतरवतोय, असं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. ताप असतानाही व्यायाम चुकवता न येणं, एक दिवस चुकला तर जेवण कमी करणं, घरचं जेवण टाळून सगळं तोलून खाणं, याला शिस्त म्हणू नका. हा आजार पुरुषांनाही होतो, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

पायरी तिसरी: कागद

एक ए-फोर कागद, त्याचे तीन भाग. माझा हिरवा, पिवळा, लाल असा आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, मसाल्याच्या डब्याच्या वर, हळदीचे डाग पडलेला.

हिरव्यात 'मी बरी असते तेव्हा' काय असतं ते: चार वाजता भूक लागते आणि मी खाते; हॉटेलात मेन्यू आधी घरून पाहून जात नाही; पाळी नियमित; भांडण झालं तरी जेवते. हा भाग लोक गाळतात. गाळू नका, नाहीतर काही वर्षांनी बरं असणं कसं होतं तेच विसरायला होतं.

पिवळ्यात खुणा, आणि प्रत्येक खुणेपुढे कृती. 'काळजी घेईन' ही कृती नव्हे. माझ्या कागदावर असं आहे: वाटी बदलली, तर त्याच जेवणाला परत मोठी वाटी. तीच खूण तीन दिवस दिसली, तर ताईला फोन. आठवडाभर राहिली, तर थेरपिस्टची वेळ घ्यायची, मला गरज वाटो न वाटो. हा शेवटचा तुकडा महत्त्वाचा, कारण आजार परत येतो तो गरज नसल्याची भावना घेऊनच येतो.

लाल भाग छोटा ठेवा. डॉक्टरांचा नंबर, जवळच्या हॉस्पिटलचं नाव, सोबत कोण येणार, रक्तगट, चालू औषधं. तो घाबरलेल्या माणसाला वाचता आला पाहिजे.

हा कागद थेरपी संपायच्या आधी, थेरपिस्टसमोर बसून लिहिलात तर उत्तम. आणि निरोपाच्या सेशनलाच पुढची वेळ ठरवून घ्या. ऑक्सफर्डला मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत वीस आठवड्यांचे उपचार संपल्यावर साधारण तितक्याच आठवड्यांनी एक भेट ठेवलेली असते, खास याच तपासणीसाठी. 'काही वाटलं तर या' या वाक्यावर थेरपी संपवू नका. आपण जात नाही.

पायरी चौथी: दोन माणसांना परवानगी द्या

एक घरातलं, एक बाहेरचं. अख्ख्या घराला पहाऱ्यावर बसवलंत तर तुम्ही खोटं बोलायला लागाल, हे मी अनुभवानं सांगते. निवडलेल्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा: "तुला काही दिसलं तर मला एकदा विचार. मी चिडेन. चिडले तरी दुसऱ्या दिवशी परत विचार." हे चांगल्या दिवसांत बोलून ठेवलेलं असलं की वाईट दिवसांत त्या माणसाला धीर येतो. ताईनं वाटीबद्दल विचारलं ते तिच्या हिमतीवर, मी परवानगी दिलेलीच नव्हती. सगळ्यांना अशी ताई नसते.

आजार गंभीर होऊन गेला असेल तर आणखी एक सोय आहे. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते, की पुढे निर्णय घेण्याच्या अवस्थेत मी नसले तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. त्याची रीत आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून समजून घ्या.

पायरी पाचवी: वेळेवर जेवण, आणि कॅलेंडरवरच्या तारखा

तीन जेवणं, मध्ये दोन-तीन खाणी, दोन खाण्यांमध्ये जागेपणी चार तासांहून जास्त अंतर नाही. उपचारांत शिकवलेलं हे वेळापत्रक पहिलं वर्षभर औषधासारखं पाळा. भूक असो नसो. भुकेवर विसंबून जेवणं ही पुढची गोष्ट आहे, तिची घाई नको. बिंज इटिंगवाल्यांनाही हेच लागू आहे. रात्रीचा खाण्याचा झटका पुष्कळदा दुपारी टाळलेल्या डब्यातून येतो.

मग कॅलेंडर घ्या. कालनिर्णय भिंतीवर असतंच, ते खाली उतरवा आणि वर्षभरातल्या धोक्याच्या तारखांवर पेन्सिलीनं खूण करा: आषाढी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, दर महिन्याची संकष्टी. तुमच्या घरात पर्युषण असेल, रमजान असेल, लेंट असेल. दिवाळीचा फराळ दुसऱ्या टोकाचा. लग्नसराई, त्याआधीची केळवणं, ब्लाउजचं माप द्यायचा दिवस. 'मुलगी दाखवायचा' कार्यक्रम, ज्यात तुमच्या अंगाबद्दल परके लोक तुमच्यासमोर बोलणार.

उपासाबद्दल माझं मत कडक आहे. हा आजार होऊन गेलेल्या माणसानं उपास करू नये. 'एकच दिवस', 'फराळाचं खाऊन', 'फक्त एकादशी' यांतलं काही नको. मन उपासाची शिस्त देवासाठी वापरतंय की आजारासाठी, हे निदान पहिली काही वर्षं आतून कळत नाही. मला कळलं नव्हतं, आणि मी स्वतःला बरीच हुशार समजत होते. श्रद्धेची अडचण वाटत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आजाऱ्याला, गरोदर बाईला, लेकराला उपासातून सूट आपल्याकडे पूर्वापार आहे, रोज्यातही आजाऱ्याला सूट आहे. मी हरतालिकेला पूजा करते, जागरण करते, आणि जेवते. सासूबाईंना पहिल्या वर्षी पटलं नाही. त्यांच्यासाठी एकच वाक्य ठेवलं होतं: "डॉक्टरांनी गोळी जेवणानंतरच घ्यायला सांगितलीय." त्या गोळीपुढे कुणाचं चालत नाही. वाद घालून पटवत बसू नका, ताट वाढून घ्या.

'दिवसातून दोनदाच जेवा', रोज सोळा तास उपाशी राहणं, साखर बंद, हे सगळं तुमच्या काकांसाठी गुणकारी असेल. तुमच्यासाठी नाही. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर ग्रुप म्यूट करायला लाज बाळगू नका. २०२५ पासून वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं भारतातही मिळायला लागली आहेत आणि केळवणाच्या पंगतीत त्यांची चर्चा चालते. भूकच मारणारं औषध या आजाराच्या इतिहासासोबत घेणं म्हणजे आगीशी खेळ. कुठलाही डॉक्टर ते लिहून देत असेल तर आधी हा इतिहास सांगा, विचारलं नाही तरी सांगा. मोठ्या साखळी हॉटेलांत मेन्यूवर कॅलरी छापलेल्या असतात. तिथे मेन्यू मैत्रिणीच्या हातात द्या, तिला वाचू द्या.

'तब्येत सुधारली हं!' या वाक्याची तालीम करून जा. ते येणारच. माझं उत्तर, "हो, झोप छान लागते हल्ली," आणि विषय मुलांच्या शाळेवर. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं तर पंगतीत ओठावर येतं.

तारखा नसलेले धोकेही आहेत. बदली, नवं हॉस्टेल आणि मेसचं जेवण, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, ब्रेकअप, घरात कुणाचं जाणं. टायफॉइड-डेंग्यूनंतर आपोआप उतरलेलं वजन तर फारच फसवं, कारण त्यात आपला दोष नसतो आणि ते 'ठेवून घ्यावंसं' वाटतं. गरोदरपण आणि बाळंतपण यांच्यासाठी वेगळी तयारी हवी. पहिल्याच तपासणीला स्त्रीरोगतज्ज्ञांना आजाराबद्दल सांगा. वजनाचा आकडा मोठ्यानं वाचू नका, अशी विनंती करता येते आणि बहुतेक डॉक्टर ती पाळतात. बाळंतपणानंतर दोन टोकं एकदम अंगावर येतात: एकीकडे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर, दुसरीकडे 'पोट कधी जाणार'. त्या तीन-चार महिन्यांसाठी थेरपिस्टची वेळ आधीच घेऊन ठेवा.

पायरी सहावी: ठेच लागली त्या दिवशी

पुढचं जेवण वेळेवर जेवा. बाकी सगळं याच्यानंतर.

रात्री अकराला जास्त खाल्लं गेलं असेल तर सकाळचा नाश्ता नेहमीच्या वेळी, नेहमीएवढा. पोहे तर पोहे. पोट जड असेल, नको वाटेल, तरी. जेवण चुकवलं असेल तर पुढच्याची वाट न पाहता आत्ता काहीतरी खा. भरपाई करायची नाही, ना उपाशी राहून, ना जास्त चालून. उलटी झाली असेल तर लगेच ब्रश करू नका, आम्लानं मऊ झालेलं दातांचं कवच घासून निघतं. साध्या पाण्यानं चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या.

वजनकाट्यावर उभं राहू नका. घरात काटा असेल तर तो अजून का आहे, हाही एक प्रश्न आहे.

मग निवडलेल्या माणसाला एक मेसेज. लांबलचक नको. मी आणि ताईनं एक शब्द ठरवलाय, 'ठेच'. तेवढाच पाठवते. ती फोन करते, आम्ही तिच्या मुलाच्या गणिताच्या पेपरबद्दल बोलतो. तो शब्द बाहेर पडला की लपवाछपवी संपते, आणि हा आजार लपवाछपवीवर जगतो.

दोन दिवसांनी, लगेच नाही, शांतपणे कागदावर लिहा: त्या दिवशी शेवटचं नीट जेवण कधी झालं होतं? आधी काय घडलं? कुणी काय बोललं? बहुतेक वेळा उत्तर कंटाळवाणं निघतं. मीटिंग लांबली, डबा राहिला, चार वाजता चहावर भागवलं, घरी आल्यावर भांडण. कंटाळवाणं उत्तर मिळालं तर आनंद माना, त्यावर उपाय सोपा असतो.

पायरी सातवी: शरीराची तपासणी

पहिलं वर्ष तरी फिजिशियनकडे ठरलेल्या अंतरानं जा. वजन तिथेच, एकाच ठिकाणी, गरज वाटल्यास काट्याकडे पाठ करून. पाळी बराच काळ बंद होती अशांनी हाडांच्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. हाडं झिजलेली आरशात दिसत नाहीत. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या परत सुरू झाल्या असतील, तर रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी तातडीनं, कारण पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्यासाठी माणूस बारीक असावा लागत नाही. डायबेटिस असेल तर डायबेटिसचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं औषध 'आता बरं वाटतंय' म्हणून स्वतःहून थांबवू नका.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, हातापायांत एकदम अशक्तपणा किंवा मरणाचे विचार, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी. ओपीडीची वेळ बघत बसायचं नाही. आणि बरेच दिवस जवळजवळ काही खाल्लेलं नसेल तर घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा शरीरात अन्न परत सुरू होताना रक्तातलं फॉस्फेट हे क्षार झपाट्यानं उतरून जिवावर बेतू शकतं. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पायरी आठवी: परत उपचार घ्यावे लागले तर

लोक सगळ्यात जास्त इथे अडतात. 'परत कुठल्या तोंडानं जाऊ?' मी पाच आठवडे याच वाक्यावर काढले. शेवटी गेले तेव्हा थेरपिस्टनी फक्त विचारलं, "मंगळवार जमेल की गुरुवार?" दुसऱ्या खेपेला उपचार शून्यापासून सुरू होत नाहीत. शिकलेलं बरंच हाताशी असतं आणि लवकर गेलात तर काम थोडक्यात होऊ शकतं.

पैशांचं आधीच पाहून ठेवा. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यायला हवा, असं २०१७ चा तोच कायदा सांगतो. मात्र थेरपीचा खर्च बहुतांश ओपीडीतला असतो, त्यामुळे पॉलिसीत ओपीडी आहे का ते वाचा. आपल्या गावात या आजाराची माहिती असलेलं कुणी नसेल, तर निदान मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन स्थानिक, आणि थेरपी व्हिडिओ कॉलवर, अशी जोडणी करता येते. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरच्यांसाठी, थोडक्यात

अंगाबद्दल बोलू नका. चांगलंही नको. 'चेहरा भरला, छान दिसतेस' हे तुम्ही प्रेमानं म्हणता, तिला ऐकू येतं 'जाड झालीस'. ताटावर नजर ठेवून बसू नका, पण ताटाशेजारी बसा. "काय खाल्लंस दिवसभर?" यापेक्षा "आठ वाजता जेवूया, मी थांबते" हे बरं. शंका आली तर एकटं गाठून जे दिसलं तेवढंच सांगा, निष्कर्ष नको: "तीन दिवस तू डबा तसाच परत आणलास." सगळ्यांदेखत नको, जेवताना तर नकोच. आणि घरात दुसरं कुणी डाएट करत असेल तर त्याचा गजर जेवणाच्या टेबलावर होऊ देऊ नका.

मूल शाळा-कॉलेजातलं असेल तर नियम बदलतो. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये घडलेल्या उपचारपद्धतीत पोरवयीन मुलांचं ताट काही काळ पूर्णपणे आईवडील हातात घेतात. काय, किती, कधी, ते तेच ठरवतात. दुखणं उलटतंय असं दिसलं तर तीच पद्धत पुन्हा, वाट न पाहता, डॉक्टरांशी बोलून. मुलगी भांडेल, दार आपटेल. ते भांडण आजार करतोय असं समजून ताट पुढे ठेवायचं.

कागद जुना होऊ देऊ नका

आयुष्य बदलतं तशा खुणाही बदलतात. कॉलेजातल्या वेळी लिहिलेला कागद नोकरीत उपयोगी पडत नाही. मी आणि ताई वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, कपाटाच्या दारावरचा कागद काढून वाचतो. गेल्या पाडव्याला श्रीखंडाचं ताट बाजूला सारून ती पेन घेऊन बसली. जिमची ओळ खोडली, ती सुटून चार वर्षं झाली. मग तिची नजर माझ्या मनगटावर गेली. ऑफिसनं सगळ्यांना पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं, स्पर्धेसाठी. "किती झाली आज?" तिनं सहज विचारलं. मी न बघता आकडा सांगितला. दोघीही क्षणभर गप्प. मग तिनं पिवळ्या भागात एक ओळ वाढवली. घड्याळ सध्या तिचा मुलगा वापरतो.